कासव उताणे पडल्याबाबत

माझे नाव, वडिलांचे नाव व आडनाव ठाण्याच्या नोंदीत घेतले आहे. वय त्रेचाळीस वर्षे. धंदा रंगमंचाचे सामान व पोशाख सांभाळणे. राहणार मोठ्या मैदानामागची वसाहत, दुसरा मजला, जिन्याला लागून असलेली खोली. मला लिहिता-वाचता येते.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, माझी थोरली बहीण व तिचे यजमान असे तिघे राहत होतो. बहिणीला मी ताई म्हणतो व तिच्या यजमानांना दाजी. मयत इसम म्हणजे दाजी. जबाबात पुढेही दाजी असेच लिहावे. दुसरे काही लिहिले तर कोणाविषयी चालले आहे ते मलाच कळणार नाही.

दाजी बालनाट्य करणाऱ्या एका मंडळीत कामे करत व मी त्याच मंडळीत सामानाला होतो. दाजींच्या वाट्याला माणसाचे काम क्वचित आले. ते अस्वल होत, बेडूक होत, एका नाटकात चहाची किटली होते. हे हसण्यावारी नेऊ नये, त्या कामात त्यांचे नाव होते. त्यांचा एक ठरलेला आयटम होता. कोणतेही जनावर असो, शेवटी ते मरून पडत. हातपाय झाडत, मग एकदम निपचित होत. मुले गप्प होत. मुलांना ते खरेच वाटू लागताच दाजी दोन्ही पायांनी एक लाथ झाडत, आणि मुले थिएटर डोक्यावर घेत. मी विंगेत उभा असे. त्या लाथेनंतर मी जाऊन त्यांना उचलायचे, आधी नाही. अगदी सुरुवातीला एकदा मी घाईने गेलो होतो. विंगेत आल्यावर दाजी म्हणाले, "मेव्हण्या, पुन्हा माझा हशा तोडलास तर तुझ्या बहिणीला माहेरी धाडीन." माहेर म्हणजे मीच होतो. पुन्हा मी घाई केली नाही. ही आमच्या कामातली पद्धत आहे. हशा चालू असताना कोणी रंगमंचावर पाऊल टाकत नाही.

मंडळी बंद पडल्यावर दाजी घरी होते. ताई एका दवाखान्यात चादरी धुण्याच्या खात्यात आहे. ती त्यांना घालूनपाडून बोलत असे. "बेडूक होतात तेव्हा निदान घरात उड्या तरी मारायचात," असे म्हणे. दाजी हसत. ती हसली नाही की पुन्हा एकदा हसत.

यंदा आपल्या मैदानावर खंडाखंडांच्या विजेत्या देशांची फुटबॉल स्पर्धा भरली. एकेक खंड जिंकून आलेले संघ, जगज्जेते, आणि आपला संघ. आपण कोणताही खंड जिंकलेला नव्हता. मैदान आपले म्हणून आपण होतो. स्पर्धेचा शुभंकर म्हणून कासव ठरले होते. कासवाच्या पाठीवर पृथ्वी, अशी करमणूक विभागाच्या प्रमुख बाईंची कल्पना. त्यांना सगळे मॅडम म्हणतात. कासवाच्या आत दाजींना घ्यावे म्हणून मीच मॅडमना भेटलो. त्यांनी दाजींना चालून दाखवायला सांगितले. दाजी कासवासारखे खोलीभर चालले. मॅडम म्हणाल्या, "वा! तुम्ही माणूस आहात असं वाटतच नाही." घरी येईपर्यंत दाजी वाटेत हे वाक्य सारखे म्हणत होते.

लोकांना कासव आवडले तर स्पर्धेनंतरही मैदानाच्या क्लबकडे ते कायम ठेवू, असे मॅडमनी सांगितले. दाजींना ते कायमचे काम हवे होते. ताईला तर त्यांनी काम मिळाल्याचेच सांगून टाकले होते.

पोशाखाविषयी विचारता. कवच फायबरचे होते. त्यावर सगळे खंड उठावाने केलेले. त्यात आपला देश तांदळाएवढा दिसत होता. मॅडमना ते पटले नाही. म्हणून आपला देश पितळेचा, ताटाएवढा करून घेतला व पाठीच्या वरच्या भागात बसवला. दाजी म्हणाले, "बघ, शेजारचे दोन देश गिळलेत आपण." त्या पितळेमुळे तोल मागे जात असे. कवच पट्ट्यांनी अंगाला आवळलेले असे. पट्ट्यांचे चाप पाठीमागे, कवचाच्या काठाखाली. डोके वेगळे होते, ते मानेमागे दोन कड्यांनी बसे. चाप किंवा कड्या, कशालाही आतल्या माणसाचा हात पोचत नसे. ते सगळे मी लावायचे आणि मी काढायचे. कासवाच्या तोंडात जाळी होती. तिच्यातून बघायचे आणि तिच्यातूनच श्वास घ्यायचा. लोकांसमोर डोके काढायचे नाही, हा नियम मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितला. "पोरांचं मन मोडतं," असे त्या म्हणाल्या.

पहिल्यांदा कसे पडले ते सांगतो. उद्घाटनाच्या सामन्यात राष्ट्रगीतानंतर कासवाने पाहुण्या संघाला लवून नमस्कार करायचा होता. दाजी लवले. सरळ होताना पितळेने मागे ओढले आणि ते पाठीवर गेले. कवच गोल असल्याने जागच्या जागी भोवऱ्यासारखे फिरू लागले. हातपाय वर. मुख्य पंच चालत आले, खिशातून पिवळे कार्ड काढले आणि कासवाला दाखवले. पाहुण्यांचा गोलरक्षक दरवाजाएवढा माणूस होता, तो हसता हसता गवतावर बसला. चाळीस हजार माणसे हसत होती. मी कडेला उभा राहून हशा ओसरू दिला. मग धावत जाऊन दाजींना उलटवले.

आत आणून डोके काढले तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते. म्हणाले, "पडलं की मान वर सरकते रे. मानेतला फोम जाळीवर येतो." मी श्वासाचे विचारले. ते म्हणाले, "ते असू दे. मागच्या रांगा हसल्या का?" मी हो म्हणालो. "अगदी शेवटच्या?" मी हो म्हणालो.

मॅडम आल्या. मला वाटले आता काम गेले. त्या म्हणाल्या, "प्रत्येक सामन्यात पडायचं."

त्यानंतर मी मानेतला फोम हातभर कापून काढला. पुढच्या सामन्यात दाजी पडले तरी तोंड मोकळे राहिले. पण मॅडमनी मैदानातल्या मोठ्या पडद्यावर पाहिले व मान बारीक दिसते म्हणाल्या. "कासव आहे ना? मग बदक का दिसतंय?" मी कारण सांगितले. त्या म्हणाल्या, "क्षणभराचा तर प्रश्न आहे. घरी बायको बोलत असते तेव्हा श्वास धरूनच बसत असाल की!" तिथे होते ते सगळे हसले. दाजी सगळ्यांत मोठ्याने हसले. फोम परत चिकटवायला मला दाजींनीच सांगितले, मॅडमनी नाही. हे मॅडमच्या बाजूने लिहून घ्यावे.

त्रास झाला तर काही खूण ठरली होती का, असे विचारता. ठरली होती. दोन्ही हात एकदम वर करायचे. त्याच्या पुढच्या सामन्यात दाजींनी पडल्यावर हात वर केले. मी निघालो. तेवढ्यात समोरच्या गॅलरीने हात वर केले, मग शेजारच्या, मग सगळ्या मैदानाने. निवेदक ओरडला, "कासव बोलावतंय, हात वर!" मी अर्ध्या वाटेत थांबलो. नंतर उचलले. तेव्हापासून कासव पडले की लोक हात वर करू लागले. बाहेर रस्त्यावरही पोरे पाठीवर पडून हात वर करत. मी दाजींना म्हणालो, नवी खूण ठरवू. ते म्हणाले, "नको. जी ठरवशील ती हे लोक घेतील. आपली जुनीच बरी. शेवटची लाथ झाडली की ये." मी बरे म्हणालो.

मैदानावर डॉक्टर होते का, असे विचारता. होते. ते संघांसाठी होते. उपांत्य सामन्यानंतर दाजींना उलट्या झाल्या तेव्हा मी खेळाडू मैदानात येतात त्या बोगद्यात एका डॉक्टरांना गाठले. त्यांनी विचारले, "कोणत्या संघाचे?" मी म्हणालो, "कासव." ते हसले आणि माझ्या खांद्यावर थाप मारून पुढे गेले.

अंतिम सामन्याच्या दिवशी ताईने मजल्यावरच्या बायकांना टीव्ही बघायला बोलावले होते. आमच्या खोलीत एवढी माणसे कधी आली नव्हती. ताईने खुर्च्या मागून आणल्या. आम्ही निघताना ती दाजींना म्हणाली, "आज नीट पडा." दाजी जिन्यात थांबले. म्हणाले, "ऐकलंस? माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा बोलली." मग जिना उतरताना त्यांनी मला नीट पडणे म्हणजे काय ते समजावून सांगितले. आधी पाय, मग मान, मग थांबायचे. थांबता आले पाहिजे, असे ते म्हणाले. पडता कोणालाही येते.

सामना दुपारचा होता. ऊन होते. आपला संघ अंतिम सामन्यात येईल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. समोर जगज्जेते होते. मी सकाळी मानेतला फोम सुटत आला होता तो नव्याने चिकटवला. मॅडमनी आम्हाला सांगितले की आज कासव सामना संपता संपता पडेल, आणि त्याला मी उचलायचे नाही. "आपण जिंकलो की आपला कॅप्टन येऊन उचलेल. जग उताणं पडलंय आणि आपला कॅप्टन ते सरळ करतो. समजलं?" मी विचारले, "हरलो तर?" मॅडम म्हणाल्या, "हरलो तर कासवाकडे कोण बघतंय?"

जादा वेळेत आपण एका गोलने पुढे होतो. शिटी वाजायला आली तेव्हा मॅडमनी माझ्या कानातल्या यंत्रावर "आता" म्हटले. मी हात केला. दाजी गोलजाळ्यामागे, जाहिरातीच्या फळ्यांपाशी पडले. ते पडले आणि जगज्जेत्यांनी गोल केला. बरोबरी झाली. निकाल पेनल्टी किकवर गेला व त्या नेमक्या त्याच टोकाला घ्यायच्या ठरल्या.

मी यंत्रावर मॅडमना विचारले, उचलू का. त्या म्हणाल्या, "वेड लागलंय का? पेनल्टी चालू आहेत. गोलमागे कोणी हलायचं नाही." मी माझ्या जागेवर उभा राहिलो. माझ्यापासून दाजी पंधरा-वीस पावलांवर होते.

प्रत्येक किकच्या मध्ये मोठ्या पडद्यावर कासव दाखवत. लोकांच्या जिवाला घोर लागलेला होता. पडद्यावर कासव आले की ते सुटल्यासारखे हसत. दाजी पाय जोरात झाडत होते. नाटकात झाडत त्याहून जोरात. मग त्यांनी हात वर केले. सगळ्या मैदानाने हात वर केले. तेव्हा मला ती खूण कळली नाही का, असे विचारता. ती आमची खूण राहिली नव्हती, हे वर सांगितले आहे.

त्यानंतर पाय एकदम निपचित झाले. निवेदक म्हणाला, "कासवालाही बघवत नाहीये!" मोठा हशा झाला. मी हसलो का, असे विचारता. हसलो. त्यांची थांबायची जागा अचूक होती. जगज्जेत्यांचा शेवटचा खेळाडू चेंडू हातात घेऊन चालत येत होता, हशा विरून सगळे मैदान गप्प होत होते, आणि दाजी नेमके अशाच वेळी थांबत. मी लाथेची वाट पाहिली. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. आपण जिंकलो. त्या आवाजात लाथ झाडून उपयोग नव्हता, म्हणून ते धरून बसले आहेत असे मला वाटले.

बक्षीस समारंभात कॅप्टन कासवाला विसरला. मॅडमनी आठवण केल्यावर तो कप घेऊन आला, मागून सगळा संघ. त्याने एका हाताने उचलून पाहिले. म्हणाला, "च्यायला, काय खातो हा?" खेळाडू हसले. फोटोग्राफर म्हणाला, "उचलू नका. असाच राहू दे. कप पोटावर ठेवा." मॅडमना ते फार आवडले. कप पडेल अशी त्यांना भीती होती. मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, हलू नका म्हणावं."

मी गुडघ्यावर बसलो, जाळीपाशी तोंड नेले आणि म्हणालो, "दाजी, पोटावर कप ठेवलाय. फोटो होईपर्यंत हलू नका."

ते हलले नाहीत.

फोटो बराच वेळ चालले. कॅप्टनने कपाशेजारी एक पाय ठेवला. मग एकेक खेळाडूने पाय ठेवून वेगळा फोटो काढला. फोटोग्राफर म्हणाला, "कप जरासुद्धा हलत नाही बघा. असा माणूस मिळायला नशीब लागतं." मला ते ऐकून बरे वाटले. आत गेल्यावर दाजींना सांगायचे म्हणून मी ते वाक्य ध्यानात ठेवले. मला आत्ता दाखवलेला, वर्तमानपत्रात आलेला फोटो तोच आहे. डाव्या कडेला गुडघ्यावर बसलेला इसम मी आहे. मी हसताना दिसतो. फोटोग्राफरने सगळ्यांना हसायला सांगितले होते.

मैदान रिकामे व्हायला लागल्यावर सामानाची ढकलगाडी आणून आम्ही चौघांनी कासव आत नेले. सामानाच्या खोलीत मी कड्या काढल्या व डोके उचलले. फोम गालाला चिकटलेला होता. डॉक्टर आले. ते तेच डॉक्टर होते. या वेळी त्यांनी कोणत्या संघाचे असे विचारले नाही.

मॅडम दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. रुग्णवाहिका मुख्य फाटकाशी होती व तिथे शाळांची मुले झेंडे घेऊन उभी होती. मॅडम म्हणाल्या, "डोकं घाला त्यांना. पोरं आहेत बाहेर." डोके परत कोणी बसवले, असे विचारता. मी बसवले. कड्या मलाच लावता येतात. स्ट्रेचर फाटकातून नेताना मुलांनी हात वर केले.

ताईला मी घरी जाऊन सांगितले. मजल्यावरच्या बायका अजून बसलेल्या होत्या. ताईला ते खोटे वाटले. म्हणाली, "काहीतरीच काय. आत्ता टीव्हीवर होते. कप ठेवला होता पोटावर, आम्ही टाळ्या वाजवल्या." मग बायका एकेक करून आपापल्या खुर्च्या उचलून गेल्या. ताई म्हणाली, "तू तिथंच होतास ना?" मी हो म्हणालो. तेव्हापासून ती माझे ताट वाढून ठेवते व दवाखान्यात जाते.

माझी कोणाविरुद्ध तक्रार आहे का, असे विचारता. मैदानात चाळीस हजार माणसे होती, टीव्हीपुढे किती होती ते मला माहीत नाही. तक्रारीत कोणाला धरायचे ते मला ठरवता आलेले नाही. मॅडमनी काल निरोप पाठवला की लोकांच्या आग्रहावरून क्लबने कासव कायम केले आहे. आत जायला माणूस हवा आहे. पोशाखाची माहिती आहे म्हणून त्यांनी आधी मला विचारले. मी उत्तर दिलेले नाही. पितळेचा देश मात्र काढून घ्यावा, असे कळवले आहे. त्यावर त्यांचे उत्तर आलेले नाही.

माझा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. पंचांनी कासवाला पिवळे कार्ड दाखवल्याचे वाचताना हवालदार हसले. पलीकडच्या टेबलावरचेही हसले. हे जबाबात घ्यावे असे मी म्हणालो, म्हणून घेतले आहे. त्यांचे हसणे संपेपर्यंत मी थांबलो. मग त्यांनी पुढचे वाचले. तेही बरोबर आहे. खाली सही करतो.